उंचीचा फायदा कोणाला मिळतो?

उंच माणसाला आयुष्यात फायदा होतो का? होतो. मुलाखतीत होतो, लग्न जमवताना तर होतोच. कोणी असं म्हटलं की लगेच सचिन, गावसकर, लालबहादूर शास्त्री यांची नावं पुढे केली जातात. पण असामान्यांवरून सर्वसामान्यांचं गणित कसं मांडायचं?

अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांचं २००४ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन माझ्या डोक्यातून जात नाही. पुरुषांच्या पगारातला फरक त्यांच्या आजच्या उंचीपेक्षा सोळाव्या वर्षीच्या उंचीशी जास्त जुळतो, असं त्यात दिसलं. उशिरा उंच झालेल्यांना तो फायदा फारसा मिळतच नाही.

मी ठाण्यातल्या नौपाड्यात शिकवण्या घेते, त्यामुळे मला हे लगेच पटलं. झेंडा धरायला उंच मुलगा, सूत्रसंचालनाला उंच मुलगी, संघ निवडतानाही नजर आधी उंच पोरांकडे जाते. वर्षानुवर्षं "ए बुटल्या" ऐकलेलं पोर उत्तर येत असूनही हात वर करत नाही. मग दहावीत आया विचारतात, "ताई, उंची वाढायची पावडर सुरू करू का?" मुली सोसायटीच्या बागेतल्या दांड्याला लोंबकळून तळहाताला घट्टे पाडून घेतात. वयात आल्यावर काही वर्षांत हाडांची लांबी वाढायची थांबते, त्यानंतर कुठलीही पावडर ती वाढवत नाही. हा पैसा निव्वळ पाण्यात जातो.

उंची बरीचशी आईबापांकडून येते हे खरं, पण गर्भारपणात आईला आणि पहिल्या दोन वर्षांत बाळाला काय खायला मिळालं, यावरही ती ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. जव्हार-मोखाडा हे आदिवासी तालुके २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, तिथलं कुपोषण आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचलंय. अशा पाड्यावर अर्धपोटी वाढलेला पोरगा पोलीस भरतीला येतो आणि १६५ सेंटिमीटरच्या अटीला दोन बोटं कमी भरतो. रोज पहाटे उठून धावण्याचा सराव केलेला असतो, पण धावून दाखवायची वेळच येत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण आणि लहान मुलांना अंडी द्यायची तरतूद आहे. ती अंडी खरोखर पोचतात का, हे आपण ठाणेकरांनी लोकप्रतिनिधींना विचारत राहिलं पाहिजे. आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, यंदा संघ निवडताना मागे उभ्या असलेल्या बुटक्या पोरालाही एकदा खेळवून बघा.