रिकामा डबा, समृद्धीवर

मागच्या महिन्यात रात्री अकराला मामांचा फोन. मामा म्हणजे माझ्या दोन ट्रेलरपैकी एकाचे ड्रायव्हर, वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. न्हावाशेवा बंदरातून रिकामा डबा घेऊन संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीला निघाले होते आणि डिझेलला पंपावर थांबले होते. (कंटेनरला आमच्या धंद्यात डबाच म्हणतात.)

"मालक, इथं जालन्याची एक गाडी उभी आहे. तिच्यावरही रिकामा डबाच. ती न्हावाशेवाला जमा करायला चाललीय. दोघांनी इथंच अदलाबदल केली तर कामून चालत नाही?"

हसलो, पण फोन ठेवल्यावर झोप लागेना. कारण प्रश्न बरोबर होता.

जालन्याच्या स्टीलवाल्यांना भंगार लागतं. त्यातलं बरंच परदेशातून, डब्यात भरून, न्हावाशेवाला उतरतं. काहींचा माल बंदराजवळच्या सीएफएसमध्ये (डबे भरायच्या-रिकामे करायच्या गोदामात) डब्यातून काढून ट्रकनं येतो, काहींचा डबा थेट कारखान्याच्या दारात येतो. तो खाली झाला की चारशे किलोमीटर रिकामा परत. आणि इकडं शेंद्रा, वाळूजच्या कारखान्याला माल बाहेर पाठवायचा असतो तेव्हा तेच चारशे किलोमीटर दुसरा रिकामा डबा वर आणायचा. डिझेल दोन्हीकडून, टोल दोन्हीकडून. इगतपुरीच्या त्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून हवा वाहून नेतोय आपण.

बंदराबद्दल दोन शब्द बोलायचा मला थोडा अधिकार आहे, म्हणून सांगतो. गावी परत यायच्या आधी सहा वर्षं मी न्हावाशेवाला आरटीजी चालवली. आरटीजी म्हणजे रबरी टायरवर चालणारी ती कमानीसारखी क्रेन, यार्डात डब्यांच्या थप्प्यांवरून फिरते. केबिन पाच-सहा मजल्यांएवढी उंच आणि पायाखाली काच. आठ तास मान खाली घालून दोन गुडघ्यांच्या मधून बघायचं. खाली स्प्रेडर, म्हणजे डबा पकडणारी चौकट, लोंबतोय, वारा सुटला की झुलतोय. त्याचे चार कोपरे डब्याच्या चार भोकांत बसले पाहिजेत, लॉक फिरले पाहिजेत, दिवा लागला पाहिजे. मगच उचल. नवीन असताना एका डब्याला मला चार-पाच मिनिटं लागायची आणि खाली ट्रेलरवाले हॉर्न मारून जीव खायचे. नंतर हात बसला. मान मात्र अजून दुखते.

तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. थप्पी पाच डब्यांची. हवा असलेला डबा नेमका सगळ्यात खाली असला तर वरचे चार आधी बाजूला काढायचे. त्याला शफलिंग म्हणतात. त्या चार उचलींचे पैसे कुणी देत नाही, डिझेल जळतं, वेळ जातो, आणि बाहेर रांग वाढते. लोकांना बंदर म्हटलं की जहाजाशेजारची ती भलीमोठी क्वे क्रेन दिसते. फोटो तिचाच येतो. पण टर्मिनल चांगलं चालतंय की नाही हे यार्डात कळतं, फुकटच्या उचली किती होतात त्यावरून. जेएनपीएनं, म्हणजे न्हावाशेवाच्याच बंदरानं, २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास टीईयू हाताळले (वीस फुटी डबा म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन). एवढ्या डब्यांत उगाच उचललेला प्रत्येक डबा कुणाच्या तरी खिशातून जातो.

समृद्धीवरचे ते दोन रिकामे डबे म्हणजे शफलिंगच. फक्त थप्पी चारशे किलोमीटर लांब.

मग मामांच्या प्रश्नाचं उत्तर काय? डबा माझा नसतो, कारखान्याचाही नसतो, शिपिंग लाईनचा असतो. जालन्याचा डबा एका लाईनचा, शेंद्र्याचं बुकिंग दुसऱ्या लाईनचं, तर विषय तिथंच संपला. लाईन एकच निघाली तरी भंगार जड, म्हणून ते बहुतेक वीस फुटीत येतं. शेंद्र्याच्या गाडीवर मामांनी आणलेला चाळीस फुटी होता. तेही जुळलं तर डब्याची अवस्था बघा. आतली प्लायवूडची जमीन लोखंडानं ओरबाडलेली, तेलाचे डाग, कोपऱ्यात बुरादा. औषधाच्या कंपनीला असा डबा दाखवला तर ती दारातूनच परत पाठवील. म्हणजे मध्ये कुणीतरी हवं. डबा ताब्यात घेणारं, तपासणारं, धुणारं, वेल्डिंग करणारं आणि लाईनच्या वतीनं "हा चालेल" असं लिहून देणारं. हे काम रिकाम्या डब्यांच्या डेपोचं. असे डेपो सगळ्यात जास्त कुठं? तर बंदराच्या दारात.

आता आपल्या ड्राय पोर्टकडं, म्हणजे समुद्रापासून लांबच्या डब्यांच्या बंदराकडं येतो. जालन्याजवळ दरेगाव-जवसगावच्या शिवारात डिसेंबर २०१५ मध्ये पायाभरणी झाली. मी तेव्हा उरणला होतो, बातमी वाचून रूममधल्या पोरांना पेढे दिले होते, खोटं नाही सांगत. पुढं त्याचं मल्टिमोडल लॉजिस्टिक्स पार्क झालं. नाव लांबलं. माझा ट्रेलर अजून एकदाही तिथं डबा उतरवायला गेलेला नाही.

कार्यक्रमाच्या भाषणांत एकर, कोटी आणि रोजगार एवढंच येतं. मला त्यांना विचारायचंय की लाईनवाल्यांशी बोलणं कुठवर आलं? पहिल्या दिवशी किती लाईन त्यांचे रिकामे डबे तिथं ठेवायला तयार आहेत? कारण भरलेला डबा कुठंही जातो, त्याला पैसे देणारा मालक असतो. रिकाम्याला कुणी नसतं. तो जवळ मिळाला तर आपला निर्यातदार टिकेल, नाहीतर नुसतं कुंपण आणि कमान.

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि हा खास आपला आहे. पंचेचाळीस टनांपर्यंत उचलणारा रीच स्टॅकर (डबे उचलून रचणारी चाकांवरची मशीन) भरलेला डबा पुढं धरून चालतो तेव्हा त्याच्या पुढच्या एका ॲक्सलवर शंभर टनांच्या आसपास वजन येतं. रस्त्यावरच्या ट्रकशी तुलनाच नाही. आणि खाली आपली काळी माती! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. घराच्या भिंतीला तडे जातात ते आपण बघतोच. पाया नीट भरला नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात यार्डात खड्डे पडणार, आणि वाकड्या जमिनीवर उंच धरलेला डबा म्हणजे यमाला आवतण. इथं पैसे वाचवू नका एवढंच.

आणि मशीन एकच घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका यार्डात माझी गाडी रिकाम्या डब्यासाठी उभी होती. मशीन एकच, त्याचा हायड्रॉलिकचा पाइप फुटला. तेलाचं थारोळं, ऑपरेटर डोक्याला हात लावून बसलेला, आणि पाइप आणायला पोरगा मोटारसायकलवर पनवेलला गेलेला. अकरा तास गेले. डबा कारखान्यात उशिरा पोचला, भरून परत खाली नेईपर्यंत जहाजाचं कट-ऑफ (बंदरात डबा पोचवायची शेवटची वेळ) संपलं, माल पुढच्या आठवड्याच्या जहाजावर. पार्टीनं भाडं कापलं. पाइप कितीचा असेल? चार हजाराचा? माझे त्या फेरीत चाळीस गेले.

रेल्वेचं म्हणाल तर एका गाडीला पंचेचाळीस वॅगन, म्हणजे नव्वद वीस फुटी डबे. भंगाराचा जड डबा ट्रेलरवर एकच बसतो. एक गाडी म्हणजे नव्वद ट्रेलर. माझ्याच पोटावर पाय येतोय हे कळतंय मला, तरी सांगतो की जड माल रेल्वेनंच यावा. संभाजीनगरजवळ माळीवाड्याला कॉनकॉरचा, म्हणजे रेल्वेनं डबे नेणाऱ्या सरकारी कंपनीचा, डेपो आहेच. संभाजीनगर ते परभणी १७७ किलोमीटर दुहेरीकरणालाही २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. पण कारखानदाराला बुधवारची गाडी बुधवारीच सुटते हा भरवसा हवा. तो बसला की तो ट्रेलर आपोआप सोडेल. कट-ऑफ चुकल्यावर रेल्वेवर रागावून उपयोग नसतो हे त्याला माहीत आहे, म्हणून तो मला फोन करतो.

पालघरच्या किनाऱ्यावरच्या नव्या वाढवण बंदराचं विचारणारे खूप आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं, ७६ हजार कोटींचा प्रकल्प, प्रत्येकी हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केला असता. आपल्याकडच्या पोरांनी मात्र आत्तापासून क्रेन शिकायला हरकत नाही. सिम्युलेटरवर शिकवतात हल्ली, आमच्यासारखं ट्रेलरवाल्यांच्या शिव्या खात शिकावं लागत नाही. माझ्या गावातून ऊसतोडीला जाणारी पोरं आहेत, त्यांची पाठ माझ्या मानेपेक्षा आधी जाते.

आता काम. मामांच्या फोननंतर मी वहीत लिहायला घेतलं, जालन्यात कुणाचा कोणत्या लाईनचा डबा कधी खाली होतोय, आणि वाळूज-शेंद्र्यात कुणाला कधी हवाय. आठ दिवसांत एक जोडी जुळली. लाईन एक, वीस फुटी, माल फोर्जिंगचा, त्यामुळे डागांची तक्रार नाही. लाईनची परवानगी ईमेलवर यायला चार दिवस गेले. मामांनी आणि मी मोठं चुंबक दोरीला बांधून डब्यातून फिरवलं, अर्धी बादली बुरादा निघाला. मग झाडू. डबा जालन्याहून साठ-सत्तर किलोमीटरवर भरला आणि भरलेलाच खाली गेला.

जालन्यातल्या कुणाचा पुढच्या आठवड्यात वीस फुटी डबा खाली होणार असेल तर लाईनचं नाव आणि तारीख इनबॉक्स करा. डबा नंबर इथं कमेंटमध्ये टाकू नका. चुंबक माझ्याकडं आहे.