हप्ता उतरतो, व्याज चढतं

स्पोर्ट्स कार कर्जावर घेण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की कर्जाची मुदत 5 ऐवजी 7 वर्षं घेतली की हप्ता आवाक्यात येतो. येतो खरा, पण 10 टक्के दराने गणित मांडून बघा. कर्जाच्या दर शंभरामागे महिन्याचा हप्ता 2.12 वरून 1.66 वर उतरतो आणि एकूण व्याज 27.5 वरून 39.4 वर चढतं. शिवाय सुरुवातीला गाडीची किंमत कर्जापेक्षा भराभर घसरते. मध्येच विकायची वेळ आली तर आलेल्या पैशांत कर्ज फिटत नाही, उरलेले पैसे खिशातून घालायचे.

आणि टायरचं काय? त्यावर लेखात चकार शब्द नाही! माझ्या स्पोर्ट्स कारचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत, त्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे करून ते पुरवायची सोयच नाही. मऊ रबर, पकड झकास, पण झिजतात खडूसारखे. विमाही साध्या गाडीपेक्षा जड.

आता दुसरी गाडी घ्यायची मनात आहे, म्हणून झेपतंय का बघायला तिचा हप्ता, विमा आणि टायर धरून होणारी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकतोय. तिसऱ्याच महिन्यात त्यातून उचल घ्यावी लागली. शोरूमला जाणं तूर्तास लांबवलंय.