बोलका जॅक

चार फुटी हाय-लिफ्ट जॅक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. भोकाभोकांची एक उभी लोखंडी पट्टी, दांडा हलवला की तिच्यावर एकेक भोक वर चढणारा घोडा, आणि खाली तळहाताएवढा पाया. दोन पिना आळीपाळीने भोकांत शिरतात, एक धरून ठेवते तोवर दुसरी वर सरकते. करामत एवढीच. अमेरिकेत, इंडियानातल्या ब्लूमफील्ड गावात १९०५ पासून तो बनतो आहे. माझ्याकडचा त्याचा देशी चुलतभाऊ. वजन तेरा किलोच्या आसपास. पंपिंग करताना दांडा अर्ध्यात सोडला तर तो वर उसळून थेट हनुवटीचा समाचार घेतो, म्हणून शहाणी माणसं त्याच्या रेषेत तोंड आणत नाहीत.

आईचा प्रश्न वाजवी होता. "तुझ्या बाबांनी इतकी वर्षं जिप्सी चालवली. तो बाटलीएवढा जॅक पुरत होता ना?"

डांबरावर पुरत होता. मुळशीच्या चिखलात गाडी रुतली की तो छोटा जॅक चेसिसखाली लावायचा. चेसिस वर येते, पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, लोंबतात आणि चाक मात्र चिखलात पाय पसरून तसंच बसून राहतं. उचलायचं असतं चाक, उचललं जातं बाकी सगळं. हाय-लिफ्टला हुक अडकवून थेट चाकच वर घेता येतं. हे मी आईला समजावलं. ती म्हणाली, "मग चिखलात जाऊ नये."

तर जॅक आला, आणि ठेवायचा कुठे हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला. टपावर? आमच्या जिप्सीला टप नाही, कॅनव्हासचं हूड आहे. बॉनेटवर आडवा? परदेशात लोक लावतात म्हणे, पण समोरचा निम्मा रस्ता जॅकच दिसत असेल तर मी कशाला हवी गाडीत? मागच्या दारावर? त्या बिचाऱ्या दारावर आधीच स्टेपनी टांगलेली आहे आणि जुन्या जिप्सीच्या बिजागऱ्या त्या एका चाकाखालीच मान टाकतात. शेजारच्या काकांनी "पुढे बुलबार बसवा, त्याला बांधा" असं सुचवलं. बुलबार म्हणजे बंपरपुढचा तो लोखंडी कठडा. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बुलबारवर बंदी घातली, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग एवढे दिसतात कसे?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नुसता गाडीत टाकून द्यावा, तर घाटात करकचून ब्रेक मारल्यावर तेरा किलो लोखंड मानेच्या दिशेने निघणार.

राहिली आतली डावी बाजू. तिथलं बाक मोडून कधीच माळ्यावर गेलं होतं. चाकाच्या आर्चवर, बॉडीच्या कडेने, जॅक लांबच्या लांब आडवा बसत होता. भवानी पेठेतून चाळीस मिलिमीटरचा लोखंडी अँगल आणि जाड पट्टी आणली, वहीत मापांसकट चित्र काढलं आणि कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्रींनी वही उलटी धरली, मग सुलटी, मग बाजूला ठेवली. "ताई, साहेबांना पाठवा."

"साहेबांना पाना आणि पक्कड यांतला फरक माहीत नाही. गाडी माझी आहे."

"मग बरं आहे," ते म्हणाले. "पत्र्यालाच वेल्डिंगचे दोन टाके मारतो. पाच मिनिटं."

इथे मी पाय रोवून उभी राहिले. जिप्सीचा पत्रा म्हणजे नावाला पत्रा. त्यावर रॉड टेकवला की टाका बसायच्या आधी भोक पडतं. शिवाय पेट्रोलची टाकी मागच्याच अंगाला. वेल्डिंग करायचं ते ब्रॅकेटचं, आणि तेही गाडीबाहेर. गाडीत फक्त बोल्ट, आणि पत्र्याच्या खालून रुंद पट्टी, म्हणजे धक्का बसला की बोल्ट पत्रा फाडून वर येणार नाही. मिस्त्री थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हाताखालच्या पोराला म्हणाले, "ताईंना स्टूल दे." आमच्या वस्तीत मिस्त्रींकडून यापेक्षा मोठा सन्मान मिळत नाही.

आणि माणूस कामाचा, हे मला मान्य केलंच पाहिजे. वेल्डिंग गार होताना लोखंड खेचतं. ब्रॅकेट वेगळी बनवून आणली असती तर दोन्हीकडची भोकं जन्मात एका रेषेत आली नसती. त्यांनी जॅकलाच फर्मा केलं. दोन्ही ब्रॅकेट जॅकला बोल्टने आवळल्या, आलटून पालटून लहान टाके मारले, गार होऊ दिले, मग पूर्ण वेल्ड. ग्राइंडर, रेड ऑक्साइड, काळा रंग. माझ्या वहीतलं एकही माप वापरलं गेलं नाही आणि सगळं जिथल्या तिथे बसलं. त्यांनी ब्रॅकेटवर उभं राहून दोन उड्या मारून दाखवल्या. "हत्ती बांधा."

हत्ती बांधला असता तर बरं झालं असतं, तो निदान गप्प बसला असता.

गल्लीच्या तोंडाशी पहिला गतिरोधक आला आणि मागून असा आवाज आला की पुढचा रिक्षावाला बाजूला झाला. जिप्सीला चारही कोपऱ्यांत पाटे आहेत. रस्त्यावर काडी पडली असेल तर ती जाड होती की बारीक हे आपल्या मणक्याला कळतं, मग जॅकला का कळू नये? ब्रॅकेट जागची हलली नव्हती. पण जॅक म्हणजे एक वस्तू नव्हेच, एकत्र कुटुंब आहे. दांडा पट्टीवर आपटतो. घोडा खाली-वर सरकतो. पाया आपल्या पिनेवर डुलतो. स्प्रिंगा मधूनच काहीतरी पुटपुटतात. वजन पेलायला दोन अँगल पुरतात. या सगळ्यांना एकाच वेळी गप्प करणं हे खरं काम, आणि माझ्या चित्रात त्याला जागाच नव्हती.

मग सुरू झाली आवाजाची शोधमोहीम. नवरा सोसायटीतल्या गतिरोधकांवरून गाडी नेणार आणि मी मागे आडवी पडून एका वेळी एकेक भाग हाताने दाबून धरणार. दांडा धरला, आवाज निम्मा झाला. घोडा धरला, उरलेल्याचा सूर बदलला. "परत एकदा!" मी मागून ओरडत होते. संध्याकाळच्या फेरीला निघालेल्या मंडळींना दिसत होतं ते इतकंच, की कॅनव्हासखालून एका बाईचे पाय बाहेर आले आहेत, आतून आरोळ्या येत आहेत आणि तिचा नवरा निर्विकार चेहऱ्याने गाडी पुढे-मागे करतो आहे. वॉचमनने गेटाकडे जाणारा रस्ता हळूच मोकळा करून ठेवला. बुलबारवाले काका खिडकीशी येऊन नवऱ्याला म्हणाले, "दवाखान्यात न्यायचंय का? मी येतो सोबत."

उपाय एकेक करून सापडले. दांडा आणि पट्टी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा. घोड्याला खाली ओढून धरायला ताणाचा पट्टा. बोल्टना साध्या नटांऐवजी नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे नट, कारण साधे नट जिप्सीत ताम्हिणीपर्यंतही टिकत नाहीत, वाटेतच उतरून घेतात. पायाखाली मात्र जाड, लवचीक आणि चटकन न फाटणारं रबर हवं होतं. हार्डवेअरवाल्याचं रबर पातळ निघालं, टायरवाल्याचं दगडासारखं कडक. बाथरूमच्या दाराबाहेर नवऱ्याची निळी स्लीपर होती. जाडी नेमकी.

"डावी की उजवी?" त्याने एवढंच विचारलं. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

डाव्या स्लीपरचे दोन तुकडे पायाच्या खाली-वर बसवले, बोल्ट आवळला, आणि रविवारी सकाळी आम्ही गतिरोधकावर गेलो. आवाज नाही. पुढच्यावर गेलो, तरी नाही. मुद्दाम खड्डा निवडून त्यात घातली, कॅनव्हास तेवढं फडफडलं. दोघंही काही वेळ न बोलता गाडी चालू असल्याचा आनंद घेत होतो. आणि त्या शांततेत, पुढून, माझ्या पायापाशी कुठेतरी: टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक.

"हा नवीन आहे," नवरा म्हणाला.

गाडी वळवून मिस्त्रींकडे नेली. ते चहा पीत होते. गाडी थांबायच्या आधीच त्यांनी कान टवकारले आणि पेला खाली ठेवला. "नवीन कसला, ताई, जुनाच आहे. पुढचा पाटा चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचा रबरी बुश संपलाय. मागे तुमचा जॅक बोलत होता तोवर याला कोण विचारणार?"

"बुश मिळेल ना?"

"नाना पेठेत मिळेल. पण आज रविवार. तोवर मध्ये जरा जाडसर रबर..."

"उजवी आहे अजून," नवरा म्हणाला.