'वाया गेलेली वर्षं' कशाला म्हणता?
लेखातल्या पोरानं इंजिनिअरिंग सोडलं, गॅरेजात राबला, लग्नाचे फोटो काढले आणि पस्तिशीत लाकडी खेळण्यांत रमला. ह्या सगळ्याला लेखकानं 'वाया गेलेली वर्षं' म्हटलंय, ते खटकलं बघा. आमच्या कोल्हापूरचे सिनेमावाले बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवायचे. त्यांचे जोडीदार चित्रकार आनंदराव पेंटर, त्यांच्याबरोबर सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केलाच. पुढं स्वतःच्या सिनेमा कंपनीत सेटचे पडदे, पोस्टरं रंगवायला तोच जुना हात कामी आला की! गॅरेजात पाना धरलेला हात खेळण्याची चाकं बसवताना अडत नसणार. फक्त एक राहिलं, इतकी वर्षं घरखर्च कोण भागवत होतं? तेवढं लिवा की राव.