मशेरीने दुखणं थांबतं, कीड थांबत नाही

मागच्या चवथीला घरी गेलो तेव्हा काकी करंजी चहात बुडवून, अगदी मऊ करून एकाच बाजूने खात होती. डावा गाल सुजलेला. विचारलं तर म्हणाली, "आता दुकना नाय रे. मशेरी लावलंय."

आमच्याकडची मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून हाताने चुरलेली तंबाखू. काकीची डबी कायम चुलीच्या वरच्या फळीवर. उठल्या उठल्या एकदा, दुपारची भांडी घासून झाली की एकदा, रात्री अंथरूण घातल्यावर एकदा. चाळीस वर्षं. कणकवलीच्या बाजारातून तयार पुड्या मीही तिला आणून दिल्यात, हे आज लिहिताना वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. ती यायलाच तयार नव्हती. "दात काढलो काय डोळे जातत." हे तुम्हीही ऐकलं असेल. वरच्या दाढेच्या नसांचा आणि नजरेचा काडीचाही संबंध नाही. ज्या वयात दात काढायची वेळ येते त्याच वयात मोतीबिंदूही येतो, म्हणून दोष दाताच्या माथी बसतो, एवढंच.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि शांतपणे एकेक प्रश्न विचारला. वर्षापूर्वी थंड पाणी लागायचं का? लागायचं. मग रात्री ठणका? हो, पंधरा दिवस झोप नव्हती. मग एक दिवस आपोआप थांबला? काकी खुश होऊन म्हणाली, मशेरीनेच! डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी आतली नस मेली. मेलेली नस दुखत नाही. पण जंतू तिथेच राहतात, मुळाखाली उतरतात, पू धरतो आणि गाल सुजतो.

हे मला आजवर कोणी असं सांगितलंच नव्हतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, हे आपण तापावरून शिकलोय आणि दाताला लावतोय. दाताचं वरचं कठीण आवरण एकदा खड्डा पडून गेलं की परत येत नाही. आपण गोड खातो, तोंडातले जंतू त्यातून आम्ल तयार करतात आणि आवरण झिजतं. थंड लागत होतं तेव्हाच गेलो असतो तर सिमेंट भरून काही शे रुपयांत भागलं असतं. ठणका लागल्यावरही रूट कॅनल करून, वर कॅप बसवून दाढ वाचली असती, पण खर्च हजारांत. आम्ही गेलो तोवर मूळच सैल झालं होतं. दाढ काढावी लागली.

खरी भीती नंतर वाटली. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मशेरी दाबून धरते, तिथे पांढरा चट्टा होता. पुसून न जाणारा. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस घरात कोणाला नीट जेवण गेलं नाही. रिपोर्ट चांगला आला. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असे चट्टे पुढे कर्करोगात बदलू शकतात, आता हे बंद.

माझं म्हणणं एवढंच आहे की मशेरीला आपण व्यसन म्हणत नाही, आणि तिथेच फसतो. गुटखा खाणाऱ्या पोराला घरात शिव्या बसतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण आईची, आजीची, काकीची मशेरी 'दात घासणं' म्हणून खपते. ती तंबाखूच आहे. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं, म्हणून तर ती सुटत नाही. आणि सुपारीवाल्यांनी रागावू नये (आमच्याही पोफळी आहेत), पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या २००४ च्या अहवालात नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, कर्करोगकारक ठरलीय. तोंड कमी उघडायला लागलं, तिखट झोंबायला लागलं, तर डॉक्टरकडे जायला थांबू नका.

दात घासायला मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट पुरते. रात्री झोपताना घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते. हिरडीतून रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका, रक्त येतं ते बहुतेक वेळा साचलेल्या थरामुळेच. डॉक्टरकडून दात साफ करून घेतल्याने ते सैल होत नाहीत. साचलेला कठीण थर निघाला की आधीच सैल झालेले दात जाणवतात. मधुमेह असेल तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्या.

आणि लहान मुलांच्या आईबापांनो, सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नाही. तिच्या जागी आधी काही पडत नाही, म्हणून ती आल्याचं कळतही नाही. ती किडली की 'पडेल आपोआप' म्हणून सोडतात. ती आयुष्यभराची दाढ आहे. मोबाइलचा टॉर्च लावून आज रात्रीच बघा.

तंबाखू सोडायची असेल त्यांच्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. काकीसाठी फोन मी लावला, बोलली ती. दुपारची आणि रात्रीची मशेरी सुटलीय. पहाटेची अजून नाही. चट्टा दाखवायला पुढच्या महिन्यात परत जायचंय, आणि शेजारची वहिनीही येते म्हणालीय, तिला थंड पाणी लागायला लागलंय.