गटात सहा, कामाला एक

नववी-दहावीच्या मुलांकडून गटप्रकल्प चांगला कसा करून घ्यायचा, हा प्रश्न शिक्षकांना आणि पालकांना नेहमी पडतो म्हणे. मला आता पडत नाही. गेल्या रविवारी रात्री पावणेबाराला ओट्यावर पुठ्ठ्याची इमारत चिकटवत असताना मला या विषयातलं सगळं ज्ञान झालं. असलं ज्ञान एकटीनं पोटात ठेवू नये, म्हणून चार गोष्टी सांगते.

गट नेहमी हजेरीपटावरून पाडावेत. एक ते सहा, सात ते बारा. कोण कुठे राहतं, कुणाला काय येतं, कुणाचं कुणाशी दिवाळीपासून बोलणं बंद आहे, असल्या चौकशा करत बसू नये. लेकीच्या गटातला एक मुलगा गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून व्हॅननं येतो, हे सरांना ठाऊक असायचं कारणच काय? आद्याक्षर जुळलं ना, पुरे. लग्नाच्या पत्रिकेत तरी याहून जास्त काय बघतात!

मुदत सोमवारची द्यावी आणि ती शनिवारी शाळा सुटताना सांगावी.

विषय ऐसपैस असावा. 'पाणी' चालेल.

गटप्रमुख म्हणून वह्यांना न विसरता कव्हर घालणारी मुलगी निवडावी. मुलगीच, कारण मुलांचं अक्षर बरं नसतं, आणि अक्षर बरं नसणं ही आपल्याकडे जन्मभराची सूट आहे. तिला चारचौघांत 'जबाबदार' म्हणावं. एकदा हा शिक्का बसला की पोरगी रडेल, जागेल, पण 'सर, बाकीचे काही करत नाहीत' असं सांगायला जाणार नाही.

कामाची वाटणी व्हॉट्सअ‍ॅपवर होऊ द्यावी. लेकीकडे फोन नाही, म्हणून तो ग्रुप माझ्या फोनवर आहे, आणि म्हणून मी हे अधिकारानं सांगते. नाव ठरवण्यात शनिवारची संध्याकाळ गेली. 'जलयोद्धे' ठरलं. मग वाटणी. एकानं प्रिंट काढायचं घेतलं. एकीनं 'डेकोरेशन बघते' म्हटलं. एकानं ऋणनिर्देश लिहायचं घेतलं. ऋणनिर्देश! अजून कुणी काही केलेलं नाही आणि हा आभार मानायला तयार. उरलेल्या दोघांनी अंगठे दाखवले. राहिलं काय? माहिती, मोजमाप, आकडेमोड, आकृत्या, मॉडेल आणि वही. ते गटप्रमुख बघेल.

रविवारी सगळ्यांनी 'मध्यवर्ती' घरी जमावं. मध्यवर्ती म्हणजे ज्या घरातल्या आईला नाही म्हणता येत नाही ते. लेक धरून पाच जण जमले, व्हॅनवाल्याकडे साखरपुडा होता. दहाला पोहे झाले. साडेअकराला पुन्हा पोहे झाले. एक वाजेपर्यंत 'जलसुरक्षा' या पाच अक्षरांना निळा रंग द्यावा की हिरवा, यावर चर्चा झाली. तेवढ्यात लेक, गच्चीवर पडणारं पावसाचं पाणी साठवलं तर किती मिळेल ते काढायला, वॉचमनकाकांना विचारून वर टेप घेऊन गेली. एकटीच. गच्ची 200 चौरस मीटर भरली. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला तर 1,40,000 लिटर, त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी 1,12,000 लिटर हाती राहतं. हे तिनं कागदावर मांडलं, तेव्हा बाकीचे गेम खेळत होते आणि मी तिसऱ्यांदा चहा टाकत होते. पाच वाजता मंडळी उठली. 'काकू, पोहे मस्त होते.' मग मॉडेल. थर्माकोलच्या सजावटीवर आपल्या राज्यात 2018 साली बंदी आली, म्हणून दुकानदारानं पर्यावरणाच्या प्रकल्पासाठीचं थर्माकोल गल्ल्याखालून काढून दिलं. लेकीनं इमारत कापली, जोडली आणि दहा वाजता तिच्यावर स्प्रे पेंट मारला. स्प्रे पेंटनं थर्माकोल विरघळतं. तुम्हाला ठाऊक होतं? आम्हाला नव्हतं. वरचे दोन मजले डोळ्यांदेखत आत बसले. ग्रुपवर फोटो टाकला तर चार हसरे चेहरे आले आणि प्रिंटवाल्याचा निरोप आला की त्याच्या प्रिंटरची शाई संपली आहे. म्हणून पावणेबारा, पुठ्ठा, ओटा आणि मी. टाकी म्हणून माझा स्टीलचा डबा लावला.

सादरीकरण ज्याचा आवाज मोठा त्यानं करावं. गच्चीवरून किती पाणी मिळेल, असं सरांनी विचारलं तर त्यानं 'खूप' असं बाणेदार उत्तर दिलं. सहाही जणांना अ श्रेणी मिळाली. साखरपुड्यालासुद्धा.

सर्वांना सारखे गुण, ही तर गटप्रकल्पाची गुरुकिल्ली. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून 1913 साली लिहून ठेवलं आहे की माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर घटतो. आठ जण मिळून आठांच्या निम्म्याच ताकदीनं ओढतात. पुढे अमेरिकेत लोकांना टाळ्या वाजवायला, ओरडायला लावून हेच तपासलं, आणि कुणी किती आवाज केला ते वेगळं मोजलं जातंय असं कळल्यावर तीच माणसं नीट ओरडायला लागली. म्हणजे पोरं आळशी नसतात हो! कुणी बघत नाही, हे त्यांना कळलेलं असतं.

मग बघा ना! काय जातं तुमचं? वाटणी वर्गात, तुमच्यासमोर करा. कुठलं पान कुणाचं ते वहीत लिहून घ्या. एक तास शाळेतच कामाला द्या. शेवटी प्रत्येकाला एक प्रश्न विचारा, तोही दुसऱ्यानं केलेल्या भागावर. मुलांनी एकमेकांचं मूल्यमापन करावं, ते प्रगतिपुस्तकात यावं, असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात छापलेलं आहे. वर्गात साठ मुलं असतात, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं तुमच्याच गळ्यात येतात, सगळं मान्य. पण मग गटप्रकल्प देऊ नका. देता आणि बघत नाही, तेव्हा सहापैकी पाचांना तुम्ही फुकट खायला शिकवता.

आणि पालकहो, 'थँक्यू ताई, तुमच्यामुळे आमच्या बाळाला अ मिळाला' असे निरोप मला पाठवू नका. बाळ पंधरा वर्षांचं आहे. त्याला विचारा ना, तू काय केलंस? शाई संपली होती तर कोपऱ्यावर झेरॉक्सवाला होता.

मीही शहाणी नाही. रात्री लेक म्हणाली, 'आई, अर्धवटच नेते, सरांना खरं सांगते.' मी म्हटलं, 'राहू दे गं, आपणच करून टाकू.' तिला खरं बोलायचं होतं आणि मी तिच्या हातात फेविकॉल दिला. पुढच्या वेळी अर्धवट जाईल, क श्रेणी आली तरी चालेल.

मॉडेल प्रयोगशाळेतल्या कपाटावर ठेवलंय, असं कळलं. ते असू द्या तिथेच. डबा तेवढा सोडवून पाठवा, तो पाच किलोचा आहे आणि माझी साखर आठवडाभर पातेल्यात आहे.