काकाजींची पाठ आणि माझी भुर्जी

“वहिनी माहेरी गेल्या काय, मास्तर?” असे मला सोमवारी सकाळी पानठेल्यावर विचारण्यात आले, नंतर दूध डेअरीवर विचारण्यात आले, आणि शाळेच्या फाटकाशी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनीही, आवाजात पुरेशी कणव आणून, तेच विचारले. वहिनी, म्हणजे माझी पत्नी, त्या वेळी घरात स्वस्थ बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी रविवारी संध्याकाळी घरामागे चार अंड्यांची भुर्जी केली, एवढेच काय ते घडले होते; परंतु यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात पुरुषाने चूल पेटवली की त्याचा संसार मोडला असे धरून चालतात, आणि संसार मोडल्याची बातमी पसरायला एक रात्र फार होते.

आमच्या आईच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे अंडे स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही. न्हाणीच्या पलीकडे तीन विटांची चूल, गोठ्याच्या खुंटीला टांगलेल्या पोत्यात एक काळी कढई, एक तवा आणि एक सराटा, असा माझा स्वतंत्र संसार आहे. ही भांडी घरातल्या भांड्यांच्या पंगतीला बसत नाहीत. ती राखेने मीच घासतो आणि मीच परत पोत्यात घालतो.

त्यातही वार पाहावा लागतो. १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही घोषणा दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचवली खरी, पण ती ज्याला सुचली त्याने आमच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहिलेले नसावे. मंडे हा महादेवाचा, म्हणजे तो पहिल्याच फटक्यात गेला. मंगळवार गणपतीचा, गुरुवार शेगावच्या गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या बुधवार, शुक्रवार आणि रविवारांतून एकादशी आणि चतुर्थी वजा करायच्या, श्रावण पूर्ण वगळायचा, नवरात्र वगळायचे, आणि मग जी शिल्लक राहते तिच्यात पाऊस नको, पाहुणे नकोत, आणि दुकानात अंडी असायला हवीत. दुकानदार ती वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो, आणि काळ्या पिशवीत अंड्यांशिवाय दुसरे काही नसते हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असल्यामुळे आपण काय नेत आहोत ते सगळ्या रस्त्याला कळते.

एवढे जुळून आल्यावर रविवारी मी पऱ्हाट्या पेटवल्या, कढईत तेल घातले, कांदा टाकला, आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

“कांदा कच्चा हाय अजून.”

आमच्या आणि काकाजींच्या परसाच्या मध्ये छातीइतक्या उंचीची विटांची भिंत आहे. काकाजी पक्के माळकरी, पंढरीची वारी न चुकवणारे, आणि अंड्याला जन्मात हात न लावल्याचा त्यांना रास्त अभिमान. म्हणून ते भिंतीला टेकून, पण माझ्याकडे पूर्ण पाठ करून, स्वतःच्या तुळशीवृंदावनाकडे तोंड वळवून उभे होते. दुपट्ट्याचे टोक नाकाला लावलेले होते. त्या दुपट्ट्यातूनच ते बोलत होते, आणि अर्थातच त्या दुपट्ट्यातूनच वासही घेत होते.

“काकाजी, तुम्हाला तिकडून कसे दिसते?”

“मी कायले पाहू तिकडं? वासावरून समजते ना. कांद्याचा उग्र वास जाऊन गोड वास आला पायजे. थांब जरा.”

मी थांबलो. मी थांबणारच होतो, कारण कांदा गुलाबी झाल्याशिवाय हिरवी मिरची घालायची नसते हे मलाही माहीत आहे. परंतु आता ते थांबणे त्यांच्या नावावर जमा झाले. मग मिरची, हळद आणि टमाटर पडले. टमाटर पुरते गळून तेल कडेला सुटू द्यावे, नाही तर त्याचे पाणी अंड्यात उतरते आणि भुर्जीची खिचडी होते, हेही मला ठाऊक होते. “टमाटर गळू दे बाप्पा,” दुपट्टा म्हणाला, “घाई नको करू.”

मी अंडी फोडली. टरफलाचा आवाज ऐकून काकाजींनी ‘राम राम’ म्हटले आणि लगेच विचारले, “किती फोडले?”

“चार.”

“खाणारे कोन?”

“मी आणि पोरगा.”

“सूनबाई नाही खात काय?”

“नाही.”

“मंग ते काऊन नाही करून देत तुले?”

“आईची माळ आहे ना, काकाजी. घरात चालत नाही. म्हणून मी बाहेर करतो.”

“ते समजलं. पन सूनबाई हाय कुठं?”

“घरात आहे.”

यावर काकाजी बराच वेळ गप्प राहिले. पाठमोऱ्या माणसाचा संशय चेहऱ्यावर दिसत नाही, तो मानेवर दिसतो. “आवाज नाही येऊन राहिला तिचा,” ते शेवटी म्हणाले. सोमवारी सकाळी गावभर फिरलेल्या बातमीचे उगमस्थान मला विचाराल तर ते हे एक वाक्य आहे. माझी पत्नी मितभाषी आहे याचा पुरावा म्हणून ती माहेरी गेली असे ठरवण्यात आले.

दरम्यान चुलीत पऱ्हाट्यांनी उसळी घेतली. कपाशीच्या वाळक्या झाडांचा हा स्वभावच आहे: भसकन पेटतात, कढईच्या कडांपर्यंत जाळ चढवतात आणि बघता बघता विझून राख होतात. अंड्याला हे मानवत नाही. त्याचा पांढरा भाग सुमारे ६२ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो, बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. त्याच्या फार पुढे गेले की अंडे आतले पाणी सोडते आणि रबरासारखे चिवट होते. म्हणून भुर्जी ओलसर असतानाच जाळ काढून घ्यायचा, उरलेले काम तापलेली कढई करते. हे मी काकाजींच्या पाठीला समजावून सांगणार होतो.

“पराट्या मांगं ओढ!” पाठ ओरडली. “चिवट होईल थे! सराटा मार, सराटा! बुडाशी लागून राहिलं!”

मी पऱ्हाट्या ओढल्या. मी त्या ओढणारच होतो, माझा हात चुलीकडे गेलेलाही होता, पण या गोष्टीला साक्षीदार नाही. होता तो एकच आणि तो तुळशीकडे पाहत होता. अखेर न राहवून मी विचारले, “काकाजी, खरे सांगा, तुम्ही कधी तरी खाल्ले असेल.”

“हात नाही लावला!” दुपट्टा नाकावरून खाली आला, तरी मान वळली नाही. “चाळीस वर्षं झाली या भितीपाशी वास घेऊन राहिलो मी. तुह्या बाबाचा हात चांगला होता. थे टमाटर टाकतच नव्हते. सांबार पन चूल विझल्यावरच टाकत.”

बाबा याच जागी अंडी शिजवत असत, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी भिंतीपलीकडून कळले. आम्हा मुलांना ते ‘ढोरांना चारा टाकून येतो’ असे सांगून मागे जात. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर; ती मी चूल विझल्यावर टाकली.

ताट वाढून घेतो न घेतो तोच काकाजींचा नातू वाटी घेऊन मागच्या दाराशी हजर झाला. “आज्यानं पाठवलं,” एवढेच तो बोलला. त्या घरात पोराने खाण्याला बंदी नाही, फक्त आजोबांनी पाहण्याला आहे. पोराने उभ्यानेच भाकरीबरोबर वाटी संपवली, भिंतीशी गेला आणि अहवाल दिला: “मीठ कमी हाय.”

“मी म्हनलोच होतो,” काकाजी म्हणाले. ते असे काहीही म्हणाले नव्हते. सगळे बोलले, पण मिठाविषयी अवाक्षर काढले नव्हते.

हे सर्व मी हसून सोडले असते, पण शाळेच्या फाटकाशी मावशींनी केलेली ती विचारपूस माझ्या मनातून जात नाही, कारण अंड्याची आठवण मावशींना आणि मला दोघांनाही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचे ठरवले. त्या काळात मावशी अंडी उकडत आणि आम्ही शिक्षक सोलायला बसत असू. गावातली अगदी ताजी अंडी सोलताना टरफलाबरोबर निम्मा पांढरा भाग निघून येतो. अंडे काही दिवस जुने झाले की त्यातला कार्बन डायऑक्साइड सालीच्या छिद्रांतून निघून जातो आणि मग पापुद्रा सहज सुटतो. मावशी अंडी थंड पाण्यात न घालता उकळत्या पाण्यात सोडत आणि काढल्याबरोबर गार पाण्यात टाकत, त्यामुळे सोलणे सोपे होई, आणि जास्त उकळल्यावर बलकाभोवती जी हिरवट कडा दिसते तीही येत नसे. ती कडा म्हणजे बलकातले लोह आणि पांढऱ्या भागातले गंधक यांचा संयोग असतो, अंडे खराब असल्याची खूण नव्हे, हे मी एका पालकाला फळ्यावर लिहून दाखवले होते. अंड्याच्या दिवशी मागच्या बाकावरची पोरेही प्रार्थनेला हजर असत. पुढे जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधी थांबवला. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. ज्या घरांत रोज पातळ वरणावर भागते तिथल्या पोराला ती कुठून मिळणार, हे पानठेल्यावर कुणी विचारले नाही, डेअरीवर कुणी विचारले नाही, आणि कुणी भिंतीला पाठ लावूनही विचारले नाही. माझी बायको कुठे आहे याची मात्र सगळ्यांना काळजी.

असो. येत्या रविवारी मी भुर्जी करणार नाही, रस्सा करणार आहे, कारण त्यात अंडे ढवळावे लागत नाही आणि ढवळण्याविषयी सूचनाही ऐकाव्या लागत नाहीत. कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यावर भाजून घ्यायचे, त्यात लसूण, आले, जिरे, खसखस, थोडे जवस आणि दगडफूल घालून पाट्यावर वाटायचे, भरपूर तेलात तिखटासह तर्री सुटेपर्यंत परतायचे आणि गरम पाणी घालून उकळी आणायची. मग जाळ मंद करून एकेक अंडे आधी वाटीत फोडून, म्हणजे खराब निघाले तर सगळा रस्सा जात नाही, हलकेच रश्श्यात सोडायचे, झाकण ठेवायचे आणि चार-पाच मिनिटे हात लावायचा नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर याला तोड नाही. गावरान अंडी मिळाली तर घ्यावीत, मात्र दुकानात तपकिरी दिसली म्हणून दुप्पट पैसे मोजू नयेत. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, आणि काही ठिकाणी तो चहाच्या पाण्यावरही ठरतो.

चूलही मी हलवली आहे. तीन विटा उचलून घराच्या दुसऱ्या बाजूला, गोठ्याच्या आडोशाला मांडल्या, तिथून काकाजींची भिंत दिसत नाही आणि वारा बहुतेक वेळा उलटा असतो. त्या बाजूला निवृत्त तलाठी राहतात. ते अंडी खातात, त्यामुळे पाठ करून उभे राहण्याची त्यांना गरज नाही. विटा मांडून होताच ते कुंपणाशी आले, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी सगळी मांडणी न्याहाळली आणि विचारले, “चुलीचं तोंड दक्षिणेकडं काऊन केलं, मास्तर? म्हणूनच वहिनी गेल्या असतील.”